मी भिंत बघतो

दुरुस्ती झाली की तो खुर्चीवरून उठे, खुर्ची ग्राहकाला देई आणि संगणकाकडे पाठ करून उभा राही. "आता तुमी बघा चालतंय का. मी भिंत बघतो." आणि तो खरोखरच भिंत बघे. भिंतीवर कॅलेंडर असेल तर कॅलेंडर, ओल असेल तर ओल. ग्राहक पान उघडून, वाचून, बंद करेपर्यंत त्याचं तोंड तिकडेच. एकदा आमच्या शेजारच्या मावशी म्हणाल्या, अरे, पोराचा फोटो आलाय दुबईहून, बघ की. त्याने भिंतीकडे तोंड ठेवूनच विचारलं, "बघू? नक्की?" आणि मगच मान वळवली.

भिवंडीच्या कामतघरात सगळे त्याला जॉबर म्हणत. यंत्रमाग दुरुस्त करतो तो जॉबर. खाडीकाठच्या एका गावातून तो मागांवर आला, पुढे मागांचं काम सुटलं तेव्हा केबल टीव्हीच्या वायरी ओढू लागला, आणि दोन हजार सालानंतर त्याच वायरींच्या शेजारून इंटरनेटच्या. एक मोठं कनेक्शन त्याच्या नावावर होतं. दुकानात एक जुना संगणक, तिथून गच्च्यांवरून आणि कारखान्यांच्या पत्र्यांवरून जाणाऱ्या निळ्या वायरी, प्रत्येक इमारतीच्या जिन्यात टांगलेला एक डबा, आणि डब्यातून घराघरात. बाहेरच्या जगाला या सगळ्या घरांचा मिळून इंटरनेटवर एकच पत्ता दिसे, आणि तो जॉबरचा होता. असं वाटून देण्याची परवानगी आहे का, हे त्याने कंपनीला कधी विचारलं नाही. कंपनीनेही त्याला विचारलं नाही.

मतं मात्र त्याच्याकडे भरपूर होती. विंडोजची चोरीची सीडी तो कोणाच्या संगणकात घालत नसे, आणि विकतची घ्यायलाही सांगत नसे. त्याच्या दुकानातला संगणक लिनक्सवर चाले, ज्याचा आतला कोड कोणालाही उघडून बघता येतो. ते फुकट होतं हे त्याचं कारण नव्हतं. "ज्या मशिनचं झाकण उघडता येत न्हाय, ती मशीन आपली न्हाय," असं तो म्हणे. मागांवर वीस वर्षं काढलेल्या माणसाला हे कोणी शिकवावं लागलं नव्हतं. मुलगा दहावीला गेला, कोणता संगणक घेऊ, असं विचारायला बाप आले की तो त्यांना सर्वांत स्वस्त जुना संगणक घ्यायला लावी. नव्या संगणकावरही पोरगा पत्तेच खेळणार, हे तो बापासमोर आणि पोरासमोर सांगे.

एका कारखानदार शेठने त्याला बोलावून विचारलं, माझा मुलगा रात्रंदिवस त्या डबड्यावर काय बघतो ते मला सांग. कोणत्या घरातून काय उघडलं जातं, ते जॉबरच्या दुकानातल्या संगणकाला टिपून ठेवता येत होतं. त्याने ती सोय मुद्दाम बंद करून ठेवली होती. तो म्हणाला, "शेठ, माग बिघडला तर मला बोलवा. कापड कंचं विणता, ते मी कधी विचारलं?" शेठने रागाने कनेक्शन तोडलं. आठवड्याने पुन्हा जोडून घेतलं, कारण मुलगा जेवत नव्हता.

मी तेव्हा ठाण्याच्या एका दैनिकाला भिवंडीच्या बातम्या देत असे. त्या बातम्या त्याच्याच वायरीवरून जात. तुमच्याही भागात असा एखादा माणूस तेव्हा असेल. त्याच्या मतांचं आपल्याला कौतुक असतं, कारण त्यांची किंमत आपल्याला द्यावी लागत नाही.

शुभांगी आमच्या मागच्या इमारतीत राहायची. बालवाडीत शिकवायची. वज्रेश्वरीला दुकान असलेल्या एका घरात तिचं लग्न ठरलं होतं, साखरपुडा झाला होता. मैत्री जुळवण्याच्या एका परदेशी साइटवर कोणीतरी तिच्या नावाचं पान उघडलं. बालवाडीच्या स्नेहसंमेलनातला तिचा फोटो लावला, घरचा फोन नंबर दिला आणि खाली ती काय काय करायला तयार आहे ते लिहिलं. फोन वाजू लागले. पहिले दोन दिवस तिच्या आईने चुकीचा नंबर म्हणून फोन ठेवून दिले. तिसऱ्या दिवशी फोन वज्रेश्वरीहून आला.

मुलाकडच्यांनी लग्न मोडलं नाही. हे कोणी केलं ते शोधा, ते पान काढा, मग बोलू, असं म्हणाले. बोलायला तुळशीच्या लग्नापर्यंतची मुदत दिली.

पोलिसांनी चौकशी केली. साइटने पान काढलं नाही, पण ते इंटरनेटवरच्या कोणत्या पत्त्यावरून उघडलं ते कळवलं, पत्त्यावरून कंपनीने नाव दिलं, आणि नाव जॉबरचं निघालं. त्याचा संगणक जप्त झाला. त्यात काही नाही म्हणून काही दिवसांनी परतही मिळाला. पोलीस ठाण्यात बोलावलं तेव्हा त्याच्याबरोबर मी गेलो होतो. फौजदारांनी विचारलं, लॉजवाला कोण आलं-गेलं त्याची वही ठेवतो, मग तू का नाही? तो म्हणाला, मी लॉज चालवत नाही. नियम नेमका काय आहे, हे फौजदारांना नीट माहीत नव्हतं, त्यालाही नव्हतं आणि मलाही नव्हतं. मग फौजदारांनी आवाज खाली आणला. त्या मुलीच्या इमारतीत वरच्या मजल्यावर चार बिहारी पोरं भाड्याने राहतात ना, त्यांच्यातलंच कोणीतरी असणार, एक नाव लिहून दे, पुढचं आम्ही बघतो.

"जे मना म्हाईत न्हाय, ते मी लिवून देनार न्हाय," तो म्हणाला.

बाहेर आल्यावर मी त्याला बरं केलंस म्हणालो.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. त्या इमारतीच्या जिन्यातला डबा शुभांगीच्या घरच्या मीटरवर चालत असे. तिच्या वडिलांनी, सुताला खळ लावणाऱ्या सायझिंगमध्ये कामाला होते ते, आपणहून वीज दिली होती. इमारतीतली पोरं शिकतात त्यावर, म्हणाले होते. पोलीस घरी येऊन गेले त्या दिवशी तिच्या आईने डब्याची पिन उपटून टाकली. अख्ख्या इमारतीचं इंटरनेट बंद झालं. एरवी पाच मिनिटं बंद पडलं तर जॉबरच्या दुकानासमोर गर्दी होई. त्या दिवशी कोणीही आलं नाही.

जॉबरचा संगणक परत आला, त्यानंतर दोन दिवसांनी शुभांगी स्वतः आली. दुकानात तो होता आणि मी होतो. तिने विचारलं, काका, तुमच्या संगणकावर ते पान उघडेल का? तिच्या घरात संगणक नव्हता. आपल्याबद्दल काय लिहिलंय ते तिने लोकांकडून ऐकलं होतं, पाहिलं नव्हतं. त्याने साइट उघडली, खुर्ची तिला दिली आणि भिंतीकडे वळला.

"काका, आज भिंत नका बघू," ती म्हणाली.

तो वळला. ती वाचत होती आणि तिच्या खांद्यामागून त्याला वाचावं लागत होतं. खाली लोकांनी लिहिलेले निरोप होते, तेही तिने शेवटपर्यंत वाचले. मग विचारलं, हे कोणाच्या घरातून लिहिलं ते तुमच्या संगणकात नाही? त्याने नाही म्हणून मान हलवली. असू शकलं असतं? त्याने हो म्हटलं.

"तुम्ही कोणाचं काही बघत नाही," ती म्हणाली, "म्हणून सगळे माझं बघतायत."

ती ओरडली नाही. बालवाडीतल्या मुलांशी बोलावं तसं सरळ बोलली, ओढणी सारखी केली आणि गेली.

त्या संध्याकाळपासून तो घरोघर जाऊ लागला. हातात पक्कड असे, वायर तपासायला आलोय म्हणे. वायर तपासून झाली की सगळ्या घराला ऐकू जाईल असं बोले. ज्याने ते केलं असेल त्याने मला नाव सांगू नये, मला नाव नको, फक्त ते पान काढून टाकावं. शेठच्या घरी तो हे बोलला आणि त्या चार पोरांच्या खोलीतही बोलला. पोरं घाबरली, त्यांनी त्याला आपले बिछाने उलटून दाखवले, जणू पान बिछान्याखाली असतं. "नहीं रे बाबा, बैठो," म्हणून तो त्यांच्याकडे चहा पिऊन आला.

पान निघालं नाही. मी साइटवाल्यांना इंग्रजीत पत्रं लिहिली. तुमची तक्रार आम्हाला महत्त्वाची वाटते, असं उत्तर दर वेळी काही सेकंदांत येई. इतक्या लवकर माणूस वाचत नाही, हे जॉबरनेच मला सांगितलं. जगातल्या कुठल्या ऑफिसात जाऊन बसलं की हे पान निघेल, असं त्याने विचारलं. म्हणजे तिकडे जाऊन बसायची त्याची तयारी होती.

दिवाळी जवळ आली तेव्हा त्याने टिपून ठेवायची सोय चालू केली.

लपवून नाही. प्रत्येक जिन्यात, डब्याच्या खाली, कागद चिकटवला, शुभांगीच्या जिन्यातही; तिथला डबा आता दुसऱ्या घराच्या विजेवर चालत होता. आजपासून या वायरीवरून कोण काय उघडतं ते टिपलं जाईल, ज्यांना नको असेल त्यांनी कनेक्शन तोडावं, राहिलेले पैसे परत मिळतील. मजकूर मीच नीट लिहून दिला होता. निम्मे लोक तोडून गेले. इंटरनेटची नवी कंपनी भागात आलीच होती. राहिलेल्यांनी कागद वाचला आणि आठवड्यात विसरले, मीही.

तो म्हणाला, "येकदा तरी यील तो उघडायला. मजा बघायला तरी यील." ज्याने हे केलं त्यानेही तो कागद वाचला असणार, हे मी त्याला सांगितलं. ते त्याला कळत होतं. तरी तो दुकानात पडद्यासमोर बसून राही. ओळी वर सरकत. घराचा नंबर, वेळ, पान, शोधलेले शब्द. ज्या माणसाने इतकी वर्षं भिंती बघितल्या, तो आता दिवसभर लोकांची घरं वाचत होता. जेवण तिथेच आणी, तसंच परत नेई. रस्त्यात कोणी हाक मारली तर दचके आणि हाक मारणाऱ्याच्या तोंडाकडे न बघता उत्तर देई. कामतघरात लोक म्हणू लागले की जॉबरला माज आला.

त्याच महिन्यात माझ्या बायकोच्या छातीत गाठ सापडली. गाठीचा तुकडा मुंबईला तपासणीला दिला होता. निकाल येईपर्यंत कोणाला सांगायचं नाही, तिच्या आईलाही नाही, असं आम्ही दोघांनी ठरवलं होतं. ती झोपली की मी इंटरनेटवर त्याबद्दल वाचत बसे.

एका सकाळी मी दुकानासमोरून जात होतो. तो पायरीवर बसला होता. मला बघून उठला, जवळ आला, माझा हात धरला. असा हात त्याने कधी धरला नव्हता. डोळे लाल होते.

"वहिनींचा रिपोट आला का हो?" त्याने विचारलं.

मला आधी वाटलं की बायकोने सांगितलं असेल. मग त्याच्या पडद्यावर सरकणाऱ्या ओळी आठवल्या आणि समजलं. मला समजलं ते त्याला माझ्या तोंडावर दिसलं. त्याने हात सोडला.

रस्त्यापलीकडच्या कारखान्यात मागांची खडखड चालू होती.

"सगळ्यांचं सगळं समाजलं," तो म्हणाला. "कोनाचा जावई नांदवत न्हाय, कोनचा पोरगा घर सोडायचं बघतोय, समदं. तेवढं येक सोडून."

मी कामाला निघून गेलो. संध्याकाळी परत आलो तेव्हा दुकानाचं शटर अर्धं खाली होतं आणि आत त्याने संगणकाचं झाकण उघडून सगळे भाग सुटे करून जमिनीवर मांडले होते, उघडलेला माग मांडून ठेवतात तसे.

तुळशीची लग्नं झाली. वज्रेश्वरीच्या लोकांनी साखरपुड्याची साडी परत मागितली नाही, तेवढा मोठेपणा त्यांनी दाखवला. शुभांगीला वाडा तालुक्यात तिच्या मावशीच्या गावी पाठवलं. ते पान त्यानंतरही कितीतरी महिने होतं. हे कोणी केलं, ते आजपर्यंत समजलेलं नाही. ही बातमी मी दैनिकाला दिली नाही. द्यायची तर तिचं नाव पुन्हा एकदा छापावं लागलं असतं.

धंदा बंद करून गावी परत जाण्याआधी जॉबरने आपल्या वायरी काढायला घेतल्या. राहू दे, कोण बघतंय, असं लोक म्हणत होते. तो घर घर करत आमच्याकडे आला. खिडकीच्या चौकटीतून वायर ओढून बाहेर काढली आणि अंगठा नि कोपराभोवती गुंडाळत उभा राहिला. एव्हाना निकाल आला होता आणि बायकोचं ऑपरेशन झालं होतं. उजवा हात तिला वर नेता येत नव्हता. डाव्या हातात कप घेऊन ती सावकाश बाहेर आली.

"जॉबरभाऊ, चहा घ्या," ती म्हणाली. "आता बरी आहे मी."

त्याने कप घेतला. तिच्याकडे तोंड न करता, अंदाजाने हात मागे करून घेतला. ती काही वेळ त्याच्यापाशी थांबली, मग आत गेली. वायरीचं भेंडोळं खांद्यावर टाकून तो उभ्याउभ्याच चहा प्यायला. आमच्या त्या भिंतीवर कॅलेंडर नव्हतं आणि ओलही नव्हती. चहा संपेपर्यंत तो त्या भिंतीकडेच बघत होता.