चाळीस तासांतले बावीस

मोटार दुरुस्ती शिकवणाऱ्या मॅडमना एका जागी बसणं कधी जमलंच नाही. एकोणीस वर्षं इंजिनं उघडून दाखवण्यात गेली. मग एका विद्यार्थिनीने विचारलं, विजेवरच्या गाडीची बॅटरी काढताना आधी काय करायचं? मॅडमनी पुस्तकातलं उत्तर दिलं आणि त्यांची त्यांनाच लाज वाटली. तशी बॅटरी त्यांनी कधी हाताळलीच नव्हती.

तेव्हापासून डोक्याला भुंगा लागला. दर शनिवारी त्या एका माजी विद्यार्थ्याच्या गॅरेजात जाऊ लागल्या. तो संकोचून खुर्ची पुढे करायचा, तोवर या रबरी हातमोजे चढवून गाडीखाली शिरलेल्या असायच्या. सुट्टीच्या दिवशी तरी घरात टिक, असं नवरा सांगून थकला.

वर्षाअखेरीस प्राचार्यांनी बोलावलं. प्रशिक्षणाचे चाळीस तास सक्तीचे होते. मॅडमचे बावीसच भरले होते. गॅरेजाचं प्रमाणपत्र नसल्यामुळे ते तास धरता येत नव्हते. प्राचार्य वाईट नव्हते, पण त्यांचेही हात बांधलेले.

"मग तिथे शिकले ते कशात धरायचं, सर?"

"हौशीत."

तो शब्द त्यांना दिवसभर टोचत राहिला.

उरलेले अठरा तास त्यांनी सभागृहातल्या प्रशिक्षणवर्गात पाय हलवत, घड्याळ बघत काढले. वर्गाच्या दुसऱ्या दिवशी मात्र सुतारकाम शिकवणाऱ्या एक बाई बोलायला उभ्या राहिल्या. मूल चुकलं की हत्यार काढून घेऊ नका, आधी विचारा त्याच्या मनात काय होतं, असं त्या म्हणाल्या. मॅडमचा पाय थांबला. एकोणीस वर्षं त्या पाना हिसकावूनच घेत आल्या होत्या. आपणहून त्या अशा वर्गाला कधीच गेल्या नसत्या, आणि हे कबूल करणं त्यांना जड गेलं.

सोमवारी बॅटरीची वीज तोडणारा खटका काढून एक मुलगी थेट तारेला हात घालायला निघाली.

"थांब. काय आहे तुझ्या मनात?"

"खटका काढलाय ना, वीज गेली असेल."

"असेल, की गेलीय?"

मुलीने हात मागे घेतला. मग तिनेच वीज मोजायचं मीटर उचललं. काटा अजून वर होता.

त्या संध्याकाळी मॅडमनी अर्ज लिहिला: गॅरेजातले तास प्रशिक्षणात धरावेत, आणि सुतारकामाच्या बाईंना पुन्हा बोलवावं. उत्तर आलं नाही. त्यांनी दुसरा अर्ज केला, मग तिसरा. शनिवारी आता गॅरेजात त्यांच्याबरोबर वायरमनच्या वर्गाचे मास्तरही जातात; त्यांचेही तास कुठेच धरले जात नाहीत.