राहिलेला काना

शिट्टीमावशींना तरणतलावावर कामाला लागून बावीस वर्षं झाली, पण पाणी त्यांच्या घोट्याच्या वर कधी चढलं नव्हतं. बायकांच्या कपडे बदलायच्या खोल्या पुसायच्या, लॉकरच्या किल्ल्या सांभाळायच्या आणि ओल्या फरशीवरून पळणारीला शिट्टी फुंकून जागच्या जागी उभं करायचं, हा त्यांचा कारभार. चर्चमध्येही तोच खाक्या. बाकं पुसणं, फुलं मांडणं, आजाऱ्यांना डबे पोचवणं, सगळीकडे मावशी पुढे. बाप्तिस्म्याचं नाव काढलं की मात्र त्या थेट शेवटच्या बाकावर. "अजून माझी तेवढी लायकी नाही हो," असं म्हणत त्यांनी अकरा वर्षं ढकलली. थोडी सेवा वाढू दे, थोडा राग कमी होऊ दे, मग बघू.

या वर्षी पाळकांनी सरळ फॉर्मच हातात ठेवला. "मावशी, येत्या रविवारी." मावशींनी चष्मा चढवला आणि तिसऱ्याच प्रश्नाला त्या अडल्या: 'आपल्याला तरणाची खात्री आहे का?'

आली का पंचाईत! इतक्या वर्षांत हे कुणी बोललंच नव्हतं. पण बरोबरच होतं. पाळक अख्खं माणूस पाण्यात बुडवणार, म्हणजे पोहता यायलाच हवं! मावशींनी प्रामाणिकपणे लिहिलं, 'नाही. पण शनिवारपर्यंत शिकते.' पाळकांनी फॉर्म न वाचताच पिशवीत टाकला.

सोमवारी दुपारी तलाव रिकामा झाल्यावर मावशींनी कोचला गाठलं. कोच म्हणजे मुलीच्या वयाची पोर, मावशींच्या शिट्टीला टरकून असायची.

"मला तरंगायला शिकव. लवकर!"

कोचने पाठीखाली हात धरला, आणि मावशींनी जे हातपाय झाडले, त्यात कोचच नाकातोंडात पाणी जाऊन खोकत बसली. मंगळवारी तेच, बुधवारी तेच. शुक्रवारी पोरगी वैतागली. "मावशी, तुम्ही मला मदत करताय ना, तेवढी बंद करा!"

"मग मी करायचं काय?"

"काही नाही. माझा हात आहे खाली. अंग सोडा."

काही न करणं मावशींना जन्मात जमलं नव्हतं. शनिवारी मात्र त्या इतक्या दमल्या होत्या की झाडायला हातपायच उरले नाहीत. डोकं मागे टेकलं, कानात पाणी भरलं, छतावरचे दिवे दिसले. आणि अहो आश्चर्यम्! मावशी पाण्यावर!

"तरले! अगं, मी तरले!" आनंदाच्या भरात त्यांनी गळ्यातली शिट्टी अशी काही फुंकली की चौकीदार धावत आला.

ओल्या केसांनी मावशी बाहेर येतात तो दारात पाळक. हातात फॉर्म, हसून डोळ्यांत पाणी.

"अहो मावशी, टाइप करताना माझा काना राहिला! तरण नाही, तारण! प्रभूने पापातून तारल्याची, म्हणजे तारणाची खात्री आहे का, असं विचारलंय!"

मावशींचं हसू मावळलं. सहा दिवस पाणी गिळलं ते फुकट, आणि अकरा वर्षांचा प्रश्न पुन्हा समोर. "मग त्याचंही उत्तर नाहीच, पाळकसाहेब," त्या हळूच म्हणाल्या. "मी अजून कुठे पुरी पडते?"

बोलता बोलता त्या थांबल्या. मागे वळून त्यांनी तलावाकडे पाहिलं, मग पाळकांकडे.

"त्यातही हातपाय मारायचे नसतात?"

पाळकांचं हसणं थांबलं. "नाही, मावशी. प्रभूचा हात आहे खाली."

"अगंबाई! आणि मी अकरा वर्षं त्यालाच मदत करत होते!" मावशींनी पाळकांच्या खिशातलं पेन ओढून घेतलं, लिहिलेलं उत्तर खोडलं आणि 'हो' लिहिलं, इतकं मोठं की चौथ्या प्रश्नाला जागाच उरली नाही. मग केसांतलं पाणी टपटपत असताना त्यांनी 'त'च्या पुढे काना ओढला.

"आणि लायकीचं काय?" पाळकांनी मुद्दाम विचारलं.

"पाण्याने विचारली का?" मावशी म्हणाल्या. "उद्या किती वाजता येऊ?"