सहावा ठिपका

माझा नवरा उरवड्यातल्या एका कारखान्यात टेलिफोन ऑपरेटर होता. आम्ही दोघंही जन्मापासून आंधळे. अंधशाळेत एकाच वर्गात होतो, त्यामुळे लग्नानंतरही मी त्याला अरे-तुरेच करायचे. त्याच्या आवाजावर आमचं घर चालायचं. मग घशाचा कॅन्सर निघाला आणि डॉक्टरांनी स्वरयंत्र काढून टाकलं.

आता तो माझ्याशी बोलणार कसा? त्याच्या खुणा मला दिसणार नव्हत्या. ब्रेलच्या पाटीवर टोचून तो कागद माझ्या हातात द्यायचा, पण तोवर माझी भाजी करपायची आणि त्याचं बोलणं शिळं व्हायचं. औषधांनी थरथरणारी बोटं फोनच्या गुळगुळीत काचेवर नीट पडत नव्हती. शेवटी एक टाळी म्हणजे 'हो', दोन म्हणजे 'नाही', एवढंच आमच्यात उरलं.

अशात शाळेतल्या जुन्या बाईंच्या ओळखीने इंजिनीअरिंगची एक विद्यार्थिनी घरी आली. तिने बोटांत घालायच्या सहा पट्ट्या बनवल्या होत्या, दोन्ही हातांना तीन-तीन. एक बोट म्हणजे ब्रेलच्या सहा ठिपक्यांपैकी एक. मांडीवर, उशीवर, कुठेही बोटं टेकवली की फोनमध्ये अक्षर उमटायचं आणि फोन ते बोलून दाखवायचा.

त्याचं पहिलं वाक्य होतं, "चहात साखर कमी आहे."

मी ओट्याशीच रडायला लागले. आवाज फोनमधल्या बाईचा होता, मला वीजबिलाचे मेसेज वाचून दाखवणाऱ्या. घरमालकीण काकू दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "आवाज दुसऱ्याचा हाय म्हून काय झालं? चहाला नावं ठेवायची खोड त्याचीच हाय न्हवं?"

पुढचे काही महिने तो खूप बोलला. आम्ही भांडलोसुद्धा. रागावला की इतक्या भराभर बोटं आपटायचा, की फोनमधली बाई अडखळायची.

मग आजार उलटला. बावधनच्या एका हॉस्पिटलात त्याला ठेवलं. एका दुपारी मी विचारलं, "डॉक्टर म्हणतायत अजून चार दिवस राहा. राहू या ना?"

चादरीवर बोटं वाजली. फोन म्हणाला, "बर."

"शहाणा आहेस," मी म्हणाले.

पुन्हा बोटं वाजली. "बर." थोड्या वेळाने आणखी एकदा, जरा जोरात. "बर."

"कळलं रे. पड आता जरा."

तो थांबला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो गेला.

नर्सने त्याचं सामान पिशवीत भरून दिलं. मी चाचपून पाहिलं. पाच पट्ट्या एकत्र होत्या, एक कागदाच्या पुडीत वेगळी.

"ही वेगळी का?"

"उजव्या हाताचं बोट सुजलं होतं. काल सकाळीच काढून ठेवली, ताई. सांगायचं राहिलं."

ती सहाव्या ठिपक्याची पट्टी होती. ब्रेलमध्ये 'ब'चे दोन ठिपके. त्यांना सहावा जोडला की 'घ' होतो.

घर.

कितीतरी दिवस मी हे कुणाला सांगितलं नाही. मग एकदा काकूंना सांगितलं. त्यांनी माझा हात धरला. "बरंच म्हनला आसंल गं तो."

"तीनदा कशाला म्हणेल, काकू?"



त्या मुलीलाही मी फोनवर सांगितलं.  ती म्हणाली, एखादी पट्टी निघाली तर फोनने ते बोलून सांगावं, अशी सोय ती करणार आहे. कर, म्हटलं. तिचा काय दोष?

त्या दुपारी तो लिहीत होता तेव्हा मी फोन दोन्ही हातांत धरून, कानाशी नेऊन बसले होते. फोन बाजूला ठेवून त्याच्या बोटांखाली माझा तळहात धरला असता, तर पट्टी नसलेलं ते सुजलेलं बोटही टेकताना मला लागलं असतं.