लसणाआडचं गुपित

देओलिंदा नणंदेवर जळायची, ती लग्नाच्या पहिल्या हिवाळ्यापासून. फेलिश्मीनाची धुरावलेली सॉसेजं मिरांदेलाच्या बाजारात हातोहात खपत. देओलिंदाची चवीला तसूभर कमी नव्हती, पण तिचा नवरा अबीलियु पहिला घास घेताच म्हणे, "छान आहे गं. पण ताईच्या हाताची सर नाही."

त्या जानेवारीत मास्तर आर्मिंदू वही घेऊन गावभर फिरत होते. जुन्या शब्दांची मुळं शोधायचा त्यांना नाद. या सॉसेजला 'आल्येइरा' का म्हणतात, असं विचारताच सगळ्यांनी त्यांना फेलिश्मीनाच्या दारी धाडलं.

दोन दिवसांनी गावाच्या भट्टीवर बायका पाव भाजत असताना मास्तरांनी तिचं उत्तर कौतुकाने वाचून दाखवलं. आल्यु म्हणजे लसूण, म्हणून आल्येइरा. पण पूर्वी धर्म लपवून राहणारे ज्यू, ज्यांना डुक्कर निषिद्ध, ते आतड्यात कोंबडी, पाव नि लसूण भरून धुरात टांगत. शेजाऱ्यांना वाटे, डुकराचंच आहे. म्हणून चर्चच्या शिक्षेतून वाचले बिचारे.

"काय सांगते फेलिश्मीना!" बायका म्हणाल्या.

देओलिंदाच्या अंगाचा तिळपापड झाला. ही गोष्ट तिच्या आजीची. नवी नवरी असताना, शपथ घालून, देओलिंदानेच ती नणंदेला सांगितली होती.

"ती गोष्ट माझी आहे!" ती ओरडली. "माझी आजी रोझेंदा डुकराला हात लावत नसे. शनिवारी चूल पेटवत नसे. लिहा, मास्तर, तिचं नाव लिहा!"

शेजारच्या बाईने आपली पिठाची परात हळूच बाजूला ओढली. तेव्हा कुठे देओलिंदाला कळलं, आपण काय बोलून बसलो ते.

संध्याकाळी फेलिश्मीना तावातावाने आली. "वहिनी, सव्वीस वर्षांत मी तुझं नाव कुणापुढे काढलं नाही. मास्तरांनाही 'कुणी लोक' म्हणूनच सांगितलं. आणि तू भर भट्टीवर?"

"तुम्हाला काय, वन्सं! वाहवा तुमची झाली."

"वाहवेसाठी आजीला चव्हाट्यावर आणलंस," एवढं बोलून ती निघून गेली.

देओलिंदाला रडू आलं नाही. आपलं चुकलं, हे तिला कळत होतं. पण वहीत आता रोझेंदाचं नाव होतं, आणि ते खोडायला सांगायला ती जाणार नव्हती.

अबीलियु चुलीपाशी बसला होता. तो म्हणाला, "ताईला सव्वीस वर्षं ठाऊक होतं. आणि मला आज भट्टीवरच्या बायकांकडून कळावं?"

त्या आवाजातली ताईवरची जळजळ तिने बरोबर ओळखली. तिच्या जिवाला गार वाटलं, आणि तसं वाटल्याची लाजही वाटली नाही.

"बस," ती म्हणाली. "सांगते."