दोन स्क्रूंचं काम

आमच्या कंपनीत त्यांना सगळे मिस्त्री म्हणतात. घरोघरी चोरीचे अलार्म बसवायचे आणि ते उगाच वाजले की जाऊन कारण शोधायचं, हे त्यांचं एकवीस वर्षांचं काम. मी कंट्रोल रूममध्ये बसते. कुणाच्या घरचा भोंगा वाजला की माझ्या पडद्यावर लाल ठिपका येतो. मी मालकाला फोन लावते आणि मालक घाबरला की मिस्त्रींना पिटाळते. खरा चोर आमच्या वाट्याला आजवर तीनदा आला. बाकी सगळे कोळी.

हो, कोळीच. सेन्सरच्या काचेवर कोळी फिरला की यंत्राला वाटतं माणूस शिरला. मिस्त्री खिशात रंगाऱ्याचा जुना ब्रश घेऊन हिंडतात ते त्यासाठीच. कोळी नसला तर चालू राहिलेला पंखा आणि हलणारा पडदा असतो, उतरलेली बॅटरी असते, छताला चिकटलेला वाढदिवसाचा फुगा असतो, नाहीतर अलार्म बंद करायचा नंबर विसरलेला जावई असतो. जावई सगळ्यात वाईट, कारण तो वर मशीनलाच नावं ठेवतो. मिस्त्री कुणाला उलट बोलत नाहीत. ब्रश फिरवतात, सही घेतात, जिना उतरतात. गुडघे गेलेत त्यांचे.

मिस्त्रींच्या घरी वडील आहेत, ब्याऐंशीचे. गेल्या वर्षापासून ते विसरायला लागले. दार उघडून चालू पडायचे आणि परतीचा रस्ता सापडायचा नाही. वहिनी, म्हणजे मिस्त्रींची बायको, दुपारी दोनला कामावर जाते, मिस्त्री सहाला येतात. मधले चार तास म्हातारा एकटा. बाहेरून कुलूप लावायला मिस्त्री तयार नव्हते. "बापाला कोंडून ठेवू का?" म्हणाले. मग त्यांनी घराच्या दाराला अलार्म बसवला आणि रोज सकाळी निघताना वडिलांना बजावायला लागले, "बाबा, भोंगा वाजला की जिथे असाल तिथेच बसा. मी येतो."

पण त्या दाराची बिजागरी ढिली. दार खाली आलेलं, त्यामुळे दारावरचं चुंबक आणि चौकटीवरचा सेन्सर यांच्यात फट. वारा आला की भोंगा. पहिल्या आठवड्यात मिस्त्री दर वेळी हातातलं काम टाकून घरी धावले, भोंगा बंद केला. बाबा पलंगावर. दोन स्क्रू पिळायचे, एवढंच काम होतं. ते त्यांनी रविवारवर टाकलं आणि रविवारी ते झोपून राहिले. पुढे माझा फोन गेला की तिकडून दमलेला आवाज यायचा, "दार आहे गं. वारा असेल. बंद कर." मी इथून बटण दाबायची, तिथला भोंगा गप्प व्हायचा. महिन्याभरात ते दोघांच्याही अंगवळणी पडलं. मला तर फोन करायचासुद्धा कंटाळा यायचा, खोटं कशाला बोलू.

त्या मंगळवारी तीनला ठिपका आला. मिस्त्री कुणाच्या तरी दिवाणखान्यात शिडीवर होते. "दार आहे," म्हणाले. मी बटण दाबलं आणि चहा प्यायला गेले.

सहाला ते घरी पोचले तर बाबा फाटकाबाहेर, फुटपाथच्या कडेला बसलेले. एका पायात चप्पल, दुसरा अनवाणी. पँट ओली झालेली. येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाटलं असेल, म्हातारा हवा खात बसलाय. तीन तास बसले होते ते. पाय आखडले होते, उठता येईना.

"बाबा, इथे का बसलात?"

"तूच म्हणालास ना, वाजला की बसायचं." मग जरा हसून म्हणाले, "आज लगेच थांबला रे तो. म्हटलं, आलास तू."

हे मिस्त्रींनी मला दुसऱ्या दिवशी सांगितलं, टेबलाजवळ उभं राहून, त्यांच्या नेहमीच्या दमलेल्या आवाजात. ते रागावले असते तर बरं झालं असतं. ज्या बोटाने बटण दाबलं त्याची मला लाज वाटत होती.

"दार?" मी विचारलं.

"केलं. बाबांना आंघोळ घातली आणि लगेच केलं. चार मिनिटं लागली."

मग खिडकीकडे बघत ते म्हणाले, "मी स्क्रू पिळत होतो, ते बाजूला खुर्चीत बसून बघत होते. मला विचारतात, आज फार काम होतं का रे तुला?"