एकसष्टावे परबसाहेब

आमच्या ऑफिसात जुन्या फायली दर काही वर्षांनी छाटल्या जातात. किस्से कुणी छाटत नाही, म्हणून ते साचत जातात. दुपारी चहाला बसल्यावर कुणीतरी एक काढतो, त्याच्या मागून दुसरा येतो आणि चहा गार होतो.

मी नदीवरच्या बोटी तपासणाऱ्या ऑफिसात क्लार्क. बार्ज, फेरीबोटी, मच्छीमारांच्या होड्या, सगळं आमच्याकडे. गाव माझं इब्रामपूर, म्हणजे पेडण्याच्या पार आतल्या अंगाला. मला पोहता येत नाही. हे मी पहिल्याच दिवशी परबसाहेबांना सांगून टाकलं. ते आमचे सर्व्हेअर. कुठली बोट पाण्यात जायला लायक आहे ते ठरवणारे. ते म्हणाले, "बरं झालं. मन लावून तपासशील."

*

बार्जच्या अंगावर बाहेरून एक पांढरी रेघ असते. माल भरत गेलं की बार्ज खाली बसते, आणि पाणी रेघेला टेकलं की भरणं थांबवायचं, एवढा साधा नियम.

डिचोलीकडच्या एका धक्क्यावर खनिज भरलेली बार्ज उभी होती. रेघ पाण्याच्या वर, सगळं नियमात. फक्त रेघ जरा जास्तच पांढरी. साहेबांनी होडीतून जवळ जाऊन बोट लावलं. बोटाला रंग लागला. मग त्यांनी मला पाण्यात हात घालायला सांगितलं. कोपरभर खाली जुनी रेघ हाताला लागली.

बार्जचा तांडेल, म्हणजे बार्जवरचा मुख्य, पाळी गावचा दाजी. तो अजिबात गडबडला नाही.

"साहेब, समुद्राची पातळी वाढता म्हणतात न्हय? म्हणान रेघ पण वयर घेतली."

साहेब म्हणाले, "समुद्र वाढला की कळव. तोपर्यंत माल उतरव."

*

ह्याच दाजीची दुसरी तपासणी. आग लागली तर टाकायला बोटीवर वाळूच्या लाल बादल्या ठेवाव्या लागतात. दाजीच्या तिन्ही बादल्यांत मिरचीची रोपं होती. चांगली लगडलेली.

"दाजी, ह्या बादल्या कशासाठी आहेत?"

"आगीसाठी."

"आणि हे काय?"

"मिरची."

दुपारी बार्जवरच जेवायचा आग्रह झाला. साहेबांनी भाताबरोबर त्यातली एक मिरची खाल्ली. तीन तांबे पाणी प्यायले. मग डोळे पुसत शेरा लिहिला: 'आग आढळली. वाळू आढळली नाही.'

*

पेडण्याला एकदा सभा झाली. विषय होता नदीत तेल सोडण्याचा. बोटीच्या तळाशी तेलकट पाणी साचतं. ते नदीत न ओतता डब्यात भरून धक्क्यावर द्यायचं, असा नवा नियम. इथली नदी म्हणजे हद्द, अर्धी गोव्याची, अर्धी सिंधुदुर्गाची. म्हणून दोन्हीकडचे अधिकारी व्यासपीठावर बसलेले.

भाषणं झाली. प्रश्न विचारा म्हटल्यावर एक म्हातारा मच्छीमार उठला.

"मी तेल गोव्यात ओतलंय आणि ओहोटीन ता सिंधुदुर्गात नेलान, तर माका पकडतलो कोण?"

दोन्ही अधिकारी एकमेकांकडे बघायला लागले.

म्हातारा म्हणाला, "तुमचा ठरूदे. तवसर मी ओतणंय नाय." आणि खाली बसला. त्या सभेतला तेवढाच ठराव.

*

आता गणू सारंगाचं. गणू नदीपलीकडचा, सिंधुदुर्गातला, आणि नदीच्या मुखाजवळच्या फेरीबोटीचा सारंग, म्हणजे बोट तोच चालवायचा. बोटीला परवानगी साठ माणसांची. एकदा साहेबांनी धक्क्यावर उभं राहून माणसं मोजली, ती अडुसष्ट निघाली. बोट तीन दिवस बांधून ठेवली.

गणू म्हणाला, "साहेबानू, आठय जण माझ्याच गावचे. सोडू कोणाक?"

साहेब म्हणाले, "बुडाल्यावर ज्याच्या घरी सांगायला जायची तुझी तयारी नाही, त्याला सोड."



*

पुढच्या वर्षी पलीकडच्या देवीची जत्रा होती. साहेब आणि वहिनी निघाले, मीही बरोबर होतो. धक्क्यावर ही गर्दी. गणू फळीवर उभा राहून एकेकाच्या खांद्याला हात लावून मोजत होता. वहिनी आत गेल्या. साहेबांनी पाय उचलला, तर गणूने हात आडवा धरला.

"साठ झाले. तुमी एकसष्टावे."

आतून वहिनी म्हणाल्या, "अरे, हे परबसाहेब."

"वळाखतंय," गणू म्हणाला. "म्हणानच."

साहेब पाय मागे घेऊन उभे राहिले. मी बासष्टावा, त्यामुळे मला कुणी काही बोललंच नाही.

बोट निघाली. नदीच्या मध्यावर इंजिन बंद पडलं. ओहोटी जोरात होती. बोट आडवी झाली आणि समुद्राच्या तोंडाकडे सरकायला लागली. धक्क्यावर माणसं ओरडू लागली, कुणी फोन लावू लागलं. साहेब पाण्याच्या कडेला गेले. बोटीवर एकेक नारिंगी ठिपका दिसायला लागला. लोक लाइफ जॅकेट चढवत होते. साहेब मोठ्याने मोजत होते. अठ्ठावन्नपर्यंत आले, थांबले, आणि पुन्हा एकपासून सुरुवात केली. त्यांचा आवाज तसा मी आधी कधी ऐकला नव्हता.

अर्ध्या तासाने एका मच्छीमार बोटीने दोर टाकला आणि फेरीबोट ओढत पलीकडे नेली. नंतर तीच मच्छीमार बोट आम्हाला न्यायला आली.

पलीकडच्या धक्क्यावर वहिनी दगडावर बसल्या होत्या. जरीच्या साडीवर जॅकेट तसंच. साहेब समोर जाऊन उभे राहिले. जॅकेटचा पट्टा सोडवायला गेले, पण गाठ सुटेना.

वहिनी म्हणाल्या, "देवीच्या ओटीचा नारळ मी नदीतच सोडला. फुलंही. दुसरं काही सुचेना."

साहेबांनी नदीकडे बघितलं.

"प्लास्टिकच्या पिशवीतून काढून ना?"