धक्का हाताचा असतो

मी शाळेत खेळ शिकवते आणि रविवारी मुलींच्या फुटबॉल सामन्यांना रेफ्री म्हणून उभी राहते. स्वभाव तापट. शिट्टी तोंडात धरूनच धावायची सवय होती मला. दात लागून लागून तिची कड झिजली होती.

या खेळात सगळ्यात जास्त भांडणं होतात ती धक्क्यावरून. चेंडू दोघींच्या आवाक्यात असेल, हात अंगालगत असतील, तर खांद्याला खांदा भिडवून जोर लावायला मुभा आहे. कोपर उचललं, मागून ढकललं किंवा चेंडू सोडून अंगावरच गेलं, की फाउल. पण आपल्याकडे या सगळ्यालाच 'धक्का' म्हणतात. हा घोळ मिटवायला आमचे एक नवे सर कडेवरून "खांदा दे, खांदा दे!" असं ओरडायला लागले, तेव्हा सामना बघायला आलेल्या एक आजीबाई त्यांच्यावर उखडल्या. "खांदा मेल्यावर देतेत, मास्तर! पोरी जित्या हायेत अजून!"

गेल्या हिवाळ्यात जिल्ह्याच्या संघाच्या निवडीचा सामना होता. लासूर स्टेशनहून एक दणकट मुलगी आली होती, पायात कुणाचे तरी मागून आणलेले बूट. वडील तिथल्या बाजार समितीत हमाल. या खेपेला नाव आलं नाही तर खेळ बंद, असं घरी ठरलं होतं. नाव लिहून घेताना तिनंच मला ते सांगितलं.

पाचव्याच मिनिटाला तिचा खांदा एका किरकोळ चणीच्या मुलीला लागला, ती धुळीत लोळली आणि मी शिट्टी फुंकली. त्यानंतर ही चेंडूजवळ जायलाच बिचकू लागली. निवड करणारे कडेला खुर्च्या टाकून बसले होते. त्यांच्या वहीत हिच्या नावापुढं काही लिहिलं जाईना.

मध्यंतरात मी पाणी पीत होते, तर तिचे वडील टोपी हातात घेऊन समोर आले.

"म्याडम, शिट्टी कशापायी वाजली?"

"धक्का दिला म्हणून! ती पोरगी पडली, दिसलं नाही का तुम्हाला?" मी खेकसले.

"पडली, व्हय. पर धक्का हाताचा असतोय. आम्ही पोती घिऊन फाटकातून निघतो, तवा खांद्याला खांदा लागतोच. ज्याचा पाय कच्चा, तो बसतो खाली. त्याला कुणी धक्का म्हनत नाय."

मला राग आला, आणि खरं सांगायचं तर तो त्यांचा नव्हे, माझा स्वतःचाच होता. मी खांदा बघितलाच नव्हता. पडलेली पोर बघितली आणि तोंडातली शिट्टी वाजून गेली.

वाजलेली शिट्टी आता परत घेता येत नव्हती, आणि भरपाई म्हणून समोरच्यांवर खोटा फाउल देणं तर त्याहून वाईट. मी शिट्टी तोंडातून काढून मुठीत धरली, एवढंच.

उत्तरार्धात पुन्हा तसाच चेंडू दोघींच्या मध्ये आला. तिनं आधी माझ्याकडं बघितलं, मग गेली. कोपर अंगाशी, खांदा खांद्याला, चेंडू पायापाशी. समोरची पडली. "ढकललं, ढकललं!" म्हणून सगळे ओरडले. मी त्यांच्यापेक्षा मोठ्यानं ओरडले, "चालू द्या!" तिनं मारलेला चेंडू गोलपोस्टच्या वरून गेला, पण त्यानंतर ती थांबलीच नाही. मला फार बरं वाटलं.

शेवटी शेवटी जोशात तिचं कोपर सुटलं. मी शिट्टी वाजवली आणि लगेच तिच्याकडं बघितलं, आता पुन्हा बिचकते की काय. तिनं नुसता हात वर केला आणि आपल्या जागेवर गेली.

यादीत तिचं नाव तिसरं होतं. निघताना ती पिशवी घेऊन भेटायला आली, तेव्हा मी सांगून टाकलं, "पहिली शिट्टी माझी चुकली गं."

"व्हय म्याडम," ती म्हणाली, "पर शेवटची बरोबर होती."